खासगी शाळेत कोण जाते आणि मागे कोण उरते : अमेरिकेतल्या शाळांचे वांशिक आकडे कसे वाचावेत

अमेरिकेतल्या शाळांविषयीच्या चर्चेत दोन आकडे नेहमी शेजारी-शेजारी मांडले जातात. २०२१ च्या सुमारास तिथल्या सार्वजनिक शाळांतल्या विद्यार्थ्यांपैकी गोऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते, तर खासगी शाळांत दर तीन विद्यार्थ्यांपैकी जवळपास दोन गोरे होते. दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि बरोबर आहेत. मात्र त्यांवरून निष्कर्ष काढताना दोन तट पडतात. खासगी शाळा ही गोऱ्यांनी शोधलेली पळवाट आहे, असे एका तटाचे म्हणणे असते. हा केवळ फी परवडण्या-न परवडण्याचा प्रश्न असून त्यात वंशाचा संबंध नाही, असे दुसरा तट सांगतो. माझ्या मते देशभराच्या सरासरीवरून यातले काहीच सिद्ध होत नाही, कारण मूल राहते एका विशिष्ट गावात, आणि त्याच्या घरच्यांपुढे असलेली निवड त्या गावातल्या शाळांमधूनच करायची असते. म्हणून तुलना स्थानिकच हवी. ती कशी करायची आणि तिच्यात कुठे चकायला होते, हे जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

आधी दोन्ही प्रकारच्या शाळांची थोडक्यात ओळख करून घेऊ. सार्वजनिक शाळा सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्टमार्फत चालतात. बहुतेक डिस्ट्रिक्टचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते, खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि मूल कोणत्या शाळेत जाणार हे बहुतांशी घराच्या पत्त्यावरून ठरते. खासगी संस्थांनी चालवलेल्या चार्टर शाळांनाही पैसा सरकारचाच मिळतो, त्यामुळे आकडेवारीत त्या सार्वजनिक गटातच मोडतात. खरोखरच्या खासगी शाळा फी, देणग्या आणि धर्मसंस्थांचा आधार यांवर उभ्या असतात. त्यांच्या पटावर सुमारे ४७ लाख मुले आहेत, म्हणजे देशातल्या दर दहा-अकरा मुलांमागे एक. यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुले कॅथलिक शाळांत आहेत. उरलेली इतर ख्रिस्ती पंथांच्या, ज्यू आणि इस्लामी संस्थांच्या किंवा कोणत्याही धर्माशी न जोडलेल्या शाळांत. मुलाला खासगी शाळेत घालण्याचा पालकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये ओरेगन राज्यातल्या एका खटल्यात मान्य केला आणि त्यावर आजवर कोणी गंभीरपणे प्रश्नचिन्ह लावलेले नाही.

ही आकडेवारी केंद्र सरकारचे शिक्षणविषयक सांख्यिकी केंद्र गोळा करते. सार्वजनिक शाळांची माहिती दरवर्षी प्रशासनाकडूनच येते. खासगी शाळांचे सर्वेक्षण १९८९-९० पासून दर दोन वर्षांनी होते आणि त्यात शाळांनी स्वतः भरून पाठवलेल्या माहितीवर विसंबावे लागते. सध्याच्या पद्धतीत मुलांची नोंद सात गटांत होते : गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी मुळाचे), आशियाई, मूलनिवासी अमेरिकन, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे आणि एकाहून अधिक वंशांचे. इथे ‘गोरे’ म्हणजे हिस्पॅनिक नसलेले गोरे. स्वतःला गोरे म्हणवणारे मेक्सिकन वंशाचे कुटुंब या तक्त्यात हिस्पॅनिक गटात जाते. ‘आशियाई’ हा गट तर इतका ऐसपैस आहे, की न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी अभियंत्याची मुलगी आणि मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये आग्नेय आशियातून निर्वासित म्हणून आलेल्या ह्माँग कुटुंबातला मुलगा एकाच रकान्यात बसतात. दोघांच्या घरच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. (जाता जाता : अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळे शनिवार-रविवारी ज्या मराठी शाळा भरवतात, त्या या गणतीत कुठेच येत नाहीत, कारण त्या नियमित शाळेची जागा घेत नाहीत.)

आता इतिहास. तो इथे लांबण लावण्यासाठी सांगत नाही. दक्षिणेतल्या अनेक गावांचे आजचे आकडे त्याच्याशिवाय समजतच नाहीत.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात एकमताने निकाल दिला, की वंशावरून वेगळ्या सार्वजनिक शाळा चालवणे घटनाविरोधी आहे. हा निकाल पाच ठिकाणच्या खटल्यांवर मिळून होता आणि त्यांतला एक व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) होता. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या मोटन हायस्कूलमध्ये मुले इतकी वाढली होती, की जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या शेडमध्ये भरत. एप्रिल १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या पुढाकाराने मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि त्यातून हा खटला उभा राहिला. निकाल मुलांच्या बाजूने लागला, पण काउंटीने त्यावर जो तोडगा काढला तो अमेरिकेच्या शिक्षणाच्या इतिहासात बहुधा एकमेव असावा. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा तिने १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळांना टाळे लावले. गोऱ्या मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी ही खासगी शाळा निघाली आणि तिच्या फीसाठी काही काळ सरकारी अनुदान व करसवलतही मिळत राहिली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी धाडण्यात आले, काही चर्चच्या तळघरात भरणाऱ्या वर्गांना जात राहिली आणि कित्येकांचे शिक्षण तिथेच थांबले. मे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडण्याचा मार्ग मोकळा केला, तोवर पाच शैक्षणिक वर्षे निघून गेली होती.

इतर बहुतेक ठिकाणी सार्वजनिक शाळा बंद झाल्या नाहीत, पण त्यांतून गोरी मुले निघून गेली. ऑक्टोबर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपीतल्या होम्स काउंटीच्या खटल्यात सांगितले, की आता चालढकल पुरे, मुलांचे एकत्रीकरण लगेच करा. पुढे काय झाले ते पटसंख्येतच दिसते. एकत्रीकरणाच्या पहिल्या वर्षी काउंटीच्या सार्वजनिक शाळांतल्या गोऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ७७१ वरून २८ वर आली आणि त्याच्या पुढच्या वर्षी शून्यावर. ती मुले तिथेच राहत होती. फक्त त्यांचे दप्तर नव्या खासगी शाळांत गेले. दक्षिणेत १९६० आणि १९७० च्या दशकांत अशा शेकडो शाळा निघाल्या. त्यांच्या नावांत बहुधा ‘अकॅडमी’ हा शब्द असे, आणि इतिहासकार त्यांना ‘सेग्रिगेशन अकॅडमी’ म्हणजे विलगीकरणाच्या अकॅडमी म्हणतात. त्यांतल्या काही बंद पडल्या, काहींनी नाव आणि धोरण बदलले, आणि बऱ्याच आजही चालू आहेत.

होम्स काउंटीतल्याच कृष्णवर्णीय पालकांनी मग वेगळ्या बाजूने घाव घातला. वंशावरून प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला धर्मादाय संस्था म्हणून करमाफी कशी मिळते, असा सवाल त्यांनी कोर्टात केला. १९७० मध्ये करविभागाने आपले धोरण बदलले आणि १९७१ मध्ये न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. १९७३ मध्ये अशा शाळांना सरकारी पाठ्यपुस्तके देणे बंद झाले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की खासगी शाळेलाही केवळ वंशावरून प्रवेश नाकारता येणार नाही. १९८३ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाच्या खटल्यात करमाफीचा मुद्दा आठ विरुद्ध एक अशा बहुमताने कायमचा निकाली निघाला. आज अमेरिकेतल्या एखाद्या खासगी शाळेच्या संकेतस्थळावर अगदी तळाला बारीक अक्षरांत जे वाक्य दिसते, की ही शाळा कोणत्याही वंशाच्या, वर्णाच्या आणि राष्ट्रीय मूळ असलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देते, त्यामागे हा इतिहास आहे. १९७५ च्या कर नियमांनुसार करमाफी हवी असलेल्या शाळेला असे धोरण जाहीर करावे लागते आणि पटावरच्या मुलांच्या वंशाची नोंदही ठेवावी लागते. म्हणजे कायद्याचे दार सर्वांना उघडे आहे. त्यातून आत कोण येते, हा पुढचा प्रश्न.

होम्स काउंटीच्या उदाहरणात तुलनेतली सर्वांत मोठी अडचण लपलेली आहे. आपण खासगी शाळेची तुलना ‘स्थानिक सार्वजनिक शाळेशी’ करतो, तेव्हा ती सार्वजनिक शाळा जणू त्या गावाचा स्वच्छ आरसा आहे असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात खासगी शाळेत गेलेली मुले वजा झाल्यावर जे उरते ते सार्वजनिक शाळेत असते. एका बाजूला पाच मुले वाढली की दुसऱ्या बाजूची पाच कमी होतात. त्यामुळे दोन्हींतले अंतर मोजताना एकच स्थलांतर दोनदा मोजले जाते.

एक काल्पनिक गाव घेऊ. तिथे शाळेच्या वयाची १,००० मुले आहेत, ६०० कृष्णवर्णीय आणि ४०० गोरी. गावातल्या खासगी शाळेत ३०० मुले आहेत, त्यांतली २८५ गोरी आणि १५ कृष्णवर्णीय. मग सार्वजनिक शाळेत ११५ गोरी आणि ५८५ कृष्णवर्णीय मुले उरतात. खासगी शाळा ९५ टक्के गोरी, सार्वजनिक शाळा जेमतेम १६ टक्के गोरी, आणि अंतर ७९ टक्क्यांचे. बातमीचा मथळा याच आकड्यावर बेतला जाईल. पण गावातली ४० टक्के मुले गोरी आहेत. त्या पायावरून पाहिले, तर खासगी शाळा ५५ टक्क्यांनी वर आहे आणि सार्वजनिक शाळा २४ टक्क्यांनी खाली. दोन्ही शाळा गावापासून दूर गेलेल्या आहेत, आणि दोघींचे दूर जाणे एकाच घटनेची दोन टोके आहेत.

आता शेजारचे दुसरे गाव पाहू. तिथेही ६०० कृष्णवर्णीय आणि ४०० गोरी मुले आहेत, पण खासगी शाळा लहान आहे : ६० मुले, त्यांतली ५७ गोरी आणि ३ कृष्णवर्णीय. ही शाळाही ९५ टक्के गोरीच. मात्र इथल्या सार्वजनिक शाळेत ३४३ गोरी मुले आहेत आणि त्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांहून थोडे अधिक, म्हणजे गावाच्या प्रमाणाच्या अगदी जवळ. दोन गावांतल्या खासगी शाळांचे वांशिक चित्र हुबेहूब सारखे असले, तरी पहिल्या गावात शाळांनी लोकांची फाळणी केली आहे आणि दुसऱ्यात तसे म्हणता येत नाही. खासगी शाळेच्या आतली टक्केवारी कितीही घोकली तरी हा फरक तिच्यातून कळणार नाही. त्यासाठी प्रश्न उलटा करून विचारावा लागतो : गावातल्या गोऱ्या मुलांपैकी किती टक्के खासगी शाळेत जातात आणि कृष्णवर्णीय मुलांपैकी किती? पहिल्या गावात गोऱ्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक आणि कृष्णवर्णीयांपैकी अडीच टक्के. दुसऱ्या गावात गोऱ्यांपैकी १४ टक्के आणि कृष्णवर्णीयांपैकी अर्धा टक्का.

या दोन प्रमाणांची वजाबाकी म्हणजे समाजशास्त्रज्ञ ज्याला विषमता निर्देशांक म्हणतात त्याचे सर्वांत साधे रूप. पहिल्या गावात तो सुमारे ६९ येतो, दुसऱ्यात १४. त्याचा अर्थ असा, की दोन्ही शाळांचे वांशिक प्रमाण सारखे करायचे झाल्यास कोणत्याही एका गटातल्या इतक्या टक्के मुलांना शाळा बदलावी लागेल. दोनापेक्षा जास्त शाळा असल्या की गणित थोडे लांबते, प्रत्येक शाळेसाठी तीच वजाबाकी करून, उणे चिन्ह सोडून, बेरीज करावी लागते आणि ती निम्मी करावी लागते. पण कल्पना तीच राहते. मला विचाराल, तर स्थानिक तुलना करणाऱ्याने सर्वप्रथम हा आकडा काढावा. तो काढायला गावात राहणाऱ्या सगळ्या मुलांची संख्या लागते. ती जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीतून मिळते, शाळांच्या तक्त्यांतून मिळत नाही, आणि म्हणूनच बहुतेक घाईच्या तुलना ती पायरी गाळतात.

‘स्थानिक’ म्हणजे नेमके कुठवर, हाही प्रश्न आहे. मॅनहॅटनमधल्या महागड्या डे-स्कूलमध्ये शहराच्या अनेक भागांतून मुले येतात; तिची तुलना पलीकडच्या गल्लीतल्या सार्वजनिक शाळेशी केली तर काहीच हाती लागत नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्सेटरसारख्या निवासी शाळेत देशभरातून आणि परदेशांतूनही मुले येतात, तिथे गावाशी तुलना करणेच निरर्थक. याउलट मिसिसिपी डेल्टामधल्या छोट्या काउंटीत स्कूल डिस्ट्रिक्ट, गाव आणि खासगी शाळेचा पल्ला जवळजवळ एकच असतो, आणि तिथला आकडा खरोखर काही सांगतो. इयत्तांचेही भान ठेवावे लागते. अमेरिकेत लहान वयाच्या मुलांत गोऱ्यांचे प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा कमी आहे. त्यामुळे केवळ नववी ते बारावीचे वर्ग असलेल्या खासगी शाळेची तुलना बालवाडीपासूनच्या अख्ख्या डिस्ट्रिक्टशी केली, तर प्रवेशाच्या धोरणाचा काडीचाही संबंध नसताना काही टक्क्यांचा फरक आपोआप निघतो.

खासगी म्हणजे गोरी, हे समीकरण सगळीकडे लागू पडत नाही, हे कॅथलिक शाळांकडे पाहिल्यावर ध्यानात येते. बाल्टिमोरमधली सेंट फ्रान्सिस अकॅडमी १८२८ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठीच सुरू झाली, मदर मेरी लॅंग यांच्या पुढाकाराने, आणि तेव्हा त्या राज्यात गुलामगिरी चालू होती. न्यू ऑर्लिन्समधले सेंट ऑगस्टीन हायस्कूल १९५१ मध्ये कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी निघाले आणि आजही ते शहराच्या अभिमानाचा विषय आहे. त्याच शहरात १९६२ मध्ये आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी चर्चच्या सर्व शाळा सर्व वंशांच्या मुलांना खुल्या केल्या आणि त्याला उघड विरोध करणाऱ्या तिघांना, त्यांत लिअँडर पेरेझ हा बडा राजकारणीही होता, धर्मबहिष्कृत केले. सेंट लुईसमध्ये तर हे काम १९४७ मध्येच, म्हणजे ब्राउन निकालाच्या सात वर्षे आधी झाले होते. उत्तरेकडच्या शहरांत वेगळीच प्रक्रिया घडली. आयरिश, पोलिश आणि इटालियन कॅथलिक कुटुंबे उपनगरांत राहायला गेली आणि त्यांच्या जुन्या पॅरिशमधल्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या विभागातल्या, शाळांत वस्तीतली कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले येऊ लागली, त्यांतली अनेक तर कॅथलिकही नव्हती. १९६० च्या दशकाच्या मध्यात कॅथलिक शाळांत ५० लाखांहून अधिक मुले होती. आज ती १७ लाखांच्या आसपास आहेत. जिथे शहराच्या जुन्या वस्तीतली अशी कमी फीची शाळा बंद पडते, तिथे खासगी शाळांच्या पटावरचे गोऱ्यांचे प्रमाण वाढते, आणि त्यासाठी कुठल्याही गोऱ्या मुलाला शाळा बदलावी लागत नाही. नुसती टक्केवारी पाहणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही.

फीचा मुद्दा मोठा आहे, यात वाद नाही. न्यूयॉर्कमधल्या नामवंत शाळांची वार्षिक फी ६०,००० डॉलरच्या पुढे गेली आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्म्या कुटुंबांकडे तिच्याहून जास्त, निम्म्यांकडे कमी) २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,००० आणि हिस्पॅनिक कुटुंबाची सुमारे ६२,०००. मासिक उत्पन्न सारखे असले तरी साठवलेला पैसा, आजी-आजोबांकडून मिळणारी मदत आणि घराची किंमत यांत हा फरक असतोच, आणि बारा-तेरा वर्षे फी भरायची असते ती याच पैशातून. मात्र ‘सगळे पैशावर आहे’ हे म्हणणेही तपासून पाहता येते. त्यासाठी समान उत्पन्न असलेली कुटुंबे घेऊन त्यांच्यात वंशानुसार किती मुले खासगी शाळेत जातात ते पाहतात. असे केल्यावर अंतर बरेच घटते, पण मिटत नाही. उरलेल्या अंतरात धर्म आहे, घराजवळ कोणती शाळा उपलब्ध आहे हे आहे, आणि आपल्या मुलाला तिथे कसे वागवले जाईल याचा पालकांनी बांधलेला अंदाजही आहे. जिचे जुने फोटो आणि वर्धापनदिनाची तारीख पाहून गावाला तिचा जन्म कशासाठी झाला हे ठाऊक आहे, त्या शाळेत आपली मुलगी वर्गातली एकटी कृष्णवर्णीय म्हणून पाठवायला कोणी कचरत असेल, तर त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

शाळांच्या माहितीपत्रकांतला एक आकडा मात्र सावधपणे घ्यावा. ‘आमचे ४० टक्के विद्यार्थी गोरेतर आहेत’ असे छापलेले असते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट चित्र उभे राहते. त्या ४० टक्क्यांत आशियाई, हिस्पॅनिक आणि एकाहून अधिक वंशांची मुले धरलेली असतात. त्यामुळे जिथे कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी आहे अशा शहरातल्या शाळेतही हा एकत्रित आकडा भरघोस असतो आणि कृष्णवर्णीय मुले बोटांवर मोजण्याइतकी असतात. आकडा खोटा नसतो. त्याची बेरीज सोयीची असते. अमेरिकेतली आपली बहुतेक मराठी कुटुंबे घर घेतानाच चांगला पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्ट पाहतात, पण जी खासगी शाळेकडे वळतात त्यांच्या मुलांमुळेही शाळेच्या पत्रकातला हा आकडा वाढतो, हे त्यांनाही क्वचितच जाणवत असेल.

खासगी शाळांच्या सर्वेक्षणाच्या मर्यादाही आहेत. काही शाळा उत्तर देत नाहीत, काही एकूण पट कळवतात पण वांशिक तपशील देत नाहीत, आणि बालवाडीपूर्व वर्गांतली मुले वांशिक आकडेवारीत धरली जात नाहीत. शंभर मुलांच्या शाळेत चार कुटुंबे आली-गेली की टक्केवारी ठळकपणे हलते. म्हणून लहान शाळेचे एकाच वर्षाचे आकडे पुराव्यासारखे नाचवू नयेत. सर्वेक्षणाच्या चार-पाच फेऱ्या ओळीने लावून पाहाव्यात. साठ वर्षांपूर्वी निघालेल्या शाळेत प्रत्येक फेरीत कृष्णवर्णीय मुले शून्य किंवा एक-दोन आणि भोवतालच्या काउंटीत ती निम्म्याहून अधिक, असे दिसले तर त्याला योगायोग म्हणवत नाही.

या सगळ्यात एक मोठी गोष्ट नजरेआड होऊ शकते. खासगी शाळांत दहा टक्क्यांच्या आसपासच मुले आहेत, त्यामुळे देशपातळीवर शाळांमधले बहुतेक वांशिक विलगीकरण सार्वजनिक शाळांच्या आपसांतच आहे, आणि तेही मुख्यतः एका डिस्ट्रिक्टच्या हद्दीपलीकडे दुसरा डिस्ट्रिक्ट असल्यामुळे. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की शहरातल्या विलगीकरणावर उपाय म्हणून ज्या उपनगरी डिस्ट्रिक्टनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, त्यांना त्यात ओढता येणार नाही. त्यानंतर उत्तरेकडच्या गोऱ्या कुटुंबाला खासगी शाळेची फी भरण्याची गरज उरली नाही. उपनगरात घर घेणे पुरेसे होते. तिथे स्थानिक खासगी आणि स्थानिक सार्वजनिक शाळेची तुलना केली, तर दोन्ही सारख्याच गोऱ्या निघतात आणि अंतर शून्याजवळ येते. अंतर कमी, म्हणून मुले एकत्र शिकतात, असे तिथे म्हणता येणार नाही. दक्षिणेत अनेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट अख्ख्या काउंटीएवढा मोठा असतो. हद्द ओलांडून जाण्याची सोय नसल्यामुळे तिथे खासगी शाळा पुढे आली. मार्ग वेगळे होते, पण पोचण्याचे ठिकाण फारसे वेगळे नव्हते.

ही चर्चा आज पुन्हा तापली आहे ती सरकारी पैशामुळे. १९९० मध्ये मिलवॉकीत गरीब कुटुंबांच्या मुलांना खासगी शाळेची फी देणारी व्हाउचर योजना सुरू झाली, आणि तिचा लाभ घेणारी मुले प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक होती. तिथल्या कित्येक खासगी शाळांत आज गोरे मूल शोधावे लागते. २०२२ मध्ये ॲरिझोनाने आणि २०२३ मध्ये फ्लोरिडाने पात्रतेच्या अटी काढून असा पैसा सर्वांना खुला केला. या नव्या योजनांत सुरुवातीच्या लाभार्थींपैकी बरीच मुले आधीपासूनच खासगी शाळेत होती, म्हणजे पैसा हलला पण मूल हलले नाही. व्हर्जिनियात १९५० आणि १९६० च्या दशकांत गोऱ्या मुलांना मिळालेल्या फी-अनुदानाची आठवण विरोधक करून देतात, समर्थक मिलवॉकीकडे बोट दाखवतात, आणि दोघांचीही उदाहरणे खरी आहेत. एखाद्या राज्यात नेमके यांतले काय घडते आहे हे ठरवायला लाभार्थी मुलाचा वंश, त्याची आधीची शाळा आणि त्याच्या गावातली एकूण मुले अशा तीन गोष्टी एकत्र लागतात. तिसरी जनगणनेतून मिळते. पहिल्या दोन गोष्टी राज्य सरकारांनी प्रसिद्ध करायच्या असतात, आणि सगळी राज्ये त्या सारख्या तपशिलाने प्रसिद्ध करत नाहीत.